रांगांच्या जाळ्यांचे विश्लेषण

रांगांचे जाळे म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक सेवाकेंद्रांची अशी व्यवस्था, की जीत एका केंद्रावरील काम आटोपलेला ग्राहक पुढच्या केंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहतो, पूर्वीच्याच एखाद्या केंद्राकडे परततो किंवा व्यवस्थेबाहेर पडतो. 'ग्राहक' हा शब्द येथे पारिभाषिक अर्थाने येतो. तो रुग्णालयातील रुग्ण असू शकतो, कारखान्यात एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाणारा सुटा भाग असू शकतो किंवा संगणकाच्या जाळ्यातून प्रवास करणारा माहितीचा तुकडाही असू शकतो. अशा व्यवस्थेत कोठे किती गर्दी साचेल, ग्राहकाला एकूण किती वेळ लागेल आणि कोठे सुधारणा केली असता तो वेळ खरोखर घटेल, हे गणिताने ठरविण्याच्या पद्धतीस रांगांच्या जाळ्यांचे विश्लेषण म्हणतात. संभाव्यताशास्त्र, संक्रियात्मक संशोधन आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखांत हा विषय अभ्यासला जातो.

जाळ्यातील गर्दी डोळ्यांना दिसते तेथेच दोष असतो असे नाही, आणि दाराशी येणाऱ्या माणसांची संख्या मोजून आतील कामाचा बोजा कळत नाही. या विषयाचे व्यावहारिक महत्त्व प्रामुख्याने यात आहे.

पार्श्वभूमी

रांगांच्या गणिताचा आरंभ डेन्मार्कमध्ये झाला. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नेर क्रारूप एरलांग यांनी १९०९ साली दूरध्वनी संभाषणांच्या संभाव्यतेवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती ग्राहकांसाठी किती तारा पुरतील, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढील सुमारे चार दशके अभ्यास मुख्यतः एकाच रांगेपुरता राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचे नियोजन आणि पुढे संगणक यांमुळे एकामागोमाग एक लागणाऱ्या रांगांचा प्रश्न पुढे आला.

एकच रांग

जाळ्याचा विचार करण्यापूर्वी एका रांगेचे वर्तन समजून घेणे आवश्यक आहे. सर्वांत साध्या प्रतिमानात ग्राहक यादृच्छिकपणे येतात आणि एकाच्या येण्याचा दुसऱ्याच्या येण्याशी संबंध नसतो. अशा आगमनास प्वासाँ प्रवाह म्हणतात. सेवेला लागणारा काळही अनिश्चित असून तो घातांकी वितरणाचे पालन करतो, म्हणजेच सेवा किती वेळ चालली आहे यावरून ती आणखी किती वेळ चालेल याचा अंदाज बांधता येत नाही. एक सेवक असलेल्या या प्रतिमानाची 'एम/एम/१' ही खूण डेव्हिड केंडॉल यांनी १९५३ साली रूढ केलेल्या पद्धतीची आहे.

येथे कळीची राशी म्हणजे भारप्रमाण. दर तासाला येणाऱ्या ग्राहकांच्या सरासरी संख्येस, सेवक दर तासाला हातावेगळे करू शकेल अशा ग्राहकांच्या सरासरी संख्येने भागले असता ते मिळते. सेवा घेत असलेला ग्राहक धरून केंद्रावरील माणसांची सरासरी संख्या पुढीलप्रमाणे येते :

सरासरी संख्या = भारप्रमाण ÷ (१ − भारप्रमाण)

भारप्रमाण ०.५ असता केंद्रावर सरासरी १ माणूस असतो, ०.८ असता ४, ०.९ असता ९ आणि ०.९५ असता १९. बोजा थोडा वाढला की रांगही थोडीच वाढेल, ही सर्वसाधारण समजूत येथे साफ चुकते. भारप्रमाण १ झाले की रांग अमर्याद वाढत जाते. सेवकाचा एकही क्षण रिकामा जाऊ नये असा आग्रह धरणारी व्यवस्था प्रत्यक्षात रांगेत उभ्या असलेल्यांचा वेळ खर्ची घालत असते.

दुसरे साधन म्हणजे लिटल यांचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सर्वसाधारण सिद्धता दिली. व्यवस्थेतील ग्राहकांची सरासरी संख्या ही आगमनाचा दर आणि प्रत्येकाचा व्यवस्थेतील सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. या नियमाला घातांकी वितरण लागत नाही, रांगेचा क्रम कोणता हेही तो विचारत नाही. एका केंद्रालाही तो लागू पडतो आणि संपूर्ण जाळ्यालाही, त्यामुळे जाळ्यांच्या अभ्यासात तो पदोपदी उपयोगी पडतो.

प्रवाह समीकरणे

उदाहरणादाखल एका लहान रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग घेता येईल. (आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.) दर तासाला सरासरी १२ रुग्ण येतात. प्रत्येक जण प्रथम केसपेपरच्या खिडकीशी जातो आणि तेथून डॉक्टरांकडे. डॉक्टरांकडून बाहेर पडणाऱ्यांपैकी २० टक्के रक्त-लघवीच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांच्याच रांगेत येतात, ६० टक्के औषधांच्या खिडकीशी जातात आणि उरलेले २० टक्के थेट घरी परततात. केसपेपरची खिडकी तासाला २०, डॉक्टर १६, प्रयोगशाळा ४ आणि औषधांची खिडकी १५ जणांचे काम करू शकते. प्रत्येक ठिकाणी एकच सेवक आहे.

विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक केंद्रावर दर तासाला प्रत्यक्षात किती जण येतात ते काढणे. बाहेरून येणारे आणि इतर केंद्रांकडून येणारे यांची बेरीज म्हणजे त्या केंद्राचा प्रवाह. प्रत्येक केंद्रासाठी असे एक समीकरण लिहिले की एकसामयिक समीकरणांचा संच तयार होतो. प्रस्तुत उदाहरणात डॉक्टरांकडील प्रवाह म्हणजे १२ अधिक प्रयोगशाळेतून परतणारे, आणि प्रयोगशाळेचा प्रवाह म्हणजे डॉक्टरांकडील प्रवाहाचा पाचवा भाग. ही दोन समीकरणे सोडविली असता डॉक्टरांकडील प्रवाह १५, प्रयोगशाळेचा ३ आणि औषधांच्या खिडकीचा ९ येतो. ताळा असा : औषधे घेऊन जाणारे ९ आणि थेट जाणारे ३ मिळून १२ जण दर तासाला बाहेर पडतात, म्हणजे आले तितकेच गेले.

रुग्णालयात येणारे रुग्ण तासाला १२ आणि डॉक्टरांची क्षमता १६, एवढेच पाहणाऱ्यास डॉक्टरांचा चौथा हिस्सा वेळ मोकळा आहे असे वाटेल. त्या हिशेबाने भारप्रमाण ०.७५ आणि डॉक्टरांकडील गर्दी सरासरी ३ जणांची. परतणारे रुग्ण धरले की भारप्रमाण ०.९३७५ होते आणि गर्दी १५ जणांची. जाळ्यातील परतफेऱ्या दाराशी बसून मोजणाऱ्यास दिसत नाहीत, आणि नियोजनातील बहुतेक फसगत येथूनच सुरू होते.

बर्क आणि जॅक्सन यांचे प्रमेय

प्रवाह समजला म्हणजे काम संपले असे नव्हे. एका केंद्रातून बाहेर पडणारे ग्राहक कोणत्या लयीत बाहेर पडतात यावर पुढच्या केंद्राची गर्दी अवलंबून असते. ती लय प्वासाँ स्वरूपाची नसेल तर एका रांगेचे सूत्र पुढे लावण्याचा अधिकार राहत नाही.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर पॉल बर्क यांनी १९५६ साली दिले. एम/एम/१ केंद्रात प्वासाँ प्रवाह आत येत असेल, तर स्थिरस्थितीत बाहेर पडणारा प्रवाहही त्याच दराचा प्वासाँ प्रवाह असतो. हे प्रथमदर्शनी पटत नाही, कारण सेवक कधी सलग कामात असतो तर कधी रिकामा, आणि त्याची छाप बाहेर जाणाऱ्यांवर पडायला हवी असे वाटते. सिद्धतेची एक सुंदर वाट कालाच्या उलटीकरणातून जाते. रांगेतील माणसांच्या संख्येचे चित्रीकरण करून ते उलटे चालविले, तर पाहणाऱ्यास ते सुलटे आहे की उलटे हे ओळखता येत नाही. दोन्हींचे सांख्यिकीय वर्तन एकच असते. उलट्या चित्रपटात बाहेर जाणारे ग्राहक आत येताना दिसतात, आणि आत येणारे प्वासाँ असतात, म्हणून बाहेर जाणारेही प्वासाँच असले पाहिजेत.

एकापुढे एक लावलेल्या केंद्रांचा प्रश्न ब्रिटिश संशोधक आर. आर. पी. जॅक्सन यांनी १९५४ सालीच हाताळला होता. कोणत्याही आकाराच्या खुल्या जाळ्याचे सर्वसाधारण उत्तर मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील जेम्स जॅक्सन यांनी १९५७ साली दिले आणि १९६३ साली त्याचा विस्तार केला. (आडनाव एक असले तरी या दोन भिन्न व्यक्ती आहेत.) त्यांच्यासमोर यंत्रशाळांचा प्रश्न होता. वेगवेगळी कामे वेगवेगळ्या क्रमाने यंत्रांवरून फिरतात, त्यांचे काय करावे?

जॅक्सन यांचे प्रमेय असे सांगते : बाहेरून येणारे प्रवाह प्वासाँ असतील, सर्व सेवाकाल घातांकी आणि परस्परांपासून स्वतंत्र असतील, पुढे कोठे जायचे हे ठरावीक संभाव्यतेने ठरत असेल आणि प्रत्येक केंद्राचे भारप्रमाण १ पेक्षा कमी असेल, तर स्थिरस्थितीत एखाद्या क्षणी पहिल्या केंद्रावर अमुक, दुसऱ्यावर तमुक इतके ग्राहक असण्याची संभाव्यता ही त्या त्या केंद्राच्या स्वतंत्र संभाव्यतांचा गुणाकार असते. यास गुणाकाररूप उत्तर म्हणतात. म्हणजे प्रवाह समीकरणे सोडवून झाली, की प्रत्येक केंद्र जणू एकटेच आहे असे मानून त्याचे सूत्र लावता येते.

यातील आश्चर्य असे, की परतफेऱ्या असलेल्या जाळ्यात बर्क यांचा आधार तुटतो. डॉक्टरांकडे येणारा एकूण प्रवाह प्वासाँ नसतो, कारण आताच तपासून गेलेला रुग्ण थोड्या वेळाने परत येण्याचा संभव असतो आणि त्यामुळे आगमने एकमेकांशी बांधली जातात. तरीही अंतिम उत्तर आगमन प्वासाँ असल्यासारखेच येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. केंद्रांचे स्वातंत्र्य हे एकाच क्षणी घेतलेल्या चित्रापुरते आहे. एका केंद्राची आताची गर्दी आणि दुसऱ्या केंद्राची काही वेळानंतरची गर्दी यांत संबंध असतोच, आणि एकाच ग्राहकाला निरनिराळ्या केंद्रांवर लागणारे काळही सर्वसाधारणपणे परस्परांपासून स्वतंत्र नसतात.

उदाहरणाचे उत्तर

आता बाह्यरुग्ण विभागाचा हिशेब पुरा करता येतो. केसपेपरच्या खिडकीचे भारप्रमाण ०.६ आणि तेथील सरासरी संख्या १.५, डॉक्टरांकडे १५, प्रयोगशाळेत भारप्रमाण ०.७५ म्हणून ३, औषधांच्या खिडकीशी पुन्हा १.५. एकूण २१ माणसे. लिटल यांच्या नियमाने २१ ला १२ ने भागले असता १.७५ तास, म्हणजे एका रुग्णाचे सरासरी १०५ मिनिटे रुग्णालयात जातात. त्याला मिळणाऱ्या प्रत्यक्ष सेवेची बेरीज मात्र सरासरी साडेचौदा मिनिटांच्या आतच आहे.

सरासरीही पूर्ण सत्य सांगत नाही. केंद्रनिहाय काळ काढले तर केसपेपरला साडेसात मिनिटे, डॉक्टरांकडील प्रत्येक फेरीला एक तास, प्रयोगशाळेत एक तास आणि औषधांना दहा मिनिटे लागतात. तपासणी नसलेला रुग्ण औषधे घेऊन सुमारे ७८ मिनिटांत घरी जातो. एक तपासणी सांगितलेल्या रुग्णाला औषधांसह सुमारे १९८ मिनिटे, म्हणजे सव्वातीन तासांहून अधिक वेळ लागतो. अधिक आजारी माणसाच्या वाट्याला अधिक ताटकळणे येते, ते असे.

व्यवस्थापनापुढील पर्याय आता तपासता येतात. औषधांची दुसरी खिडकी उघडली तर सरासरी काळ १०५ वरून सुमारे १०१ मिनिटांवर येतो. दुसरे डॉक्टर बसविले, आणि दोघांसाठी रांग एकच ठेवली, तर तो ३६ मिनिटांवर येतो. तिसरा पर्याय सहसा सुचत नाही. डॉक्टरांच्या दर दहा तपासण्यांमागे प्रयोगशाळेकडे दोघांऐवजी एकालाच पाठविणे शक्य झाले, उदाहरणार्थ काही साध्या तपासण्या केसपेपर काढतानाच उरकल्या आणि त्यासाठी तेथे जादा वेळ लागला नाही, तर डॉक्टरांकडील प्रवाह १५ वरून १३.३ वर येतो, तेथील गर्दी १५ वरून ५ होते आणि सरासरी काळ ४२.५ मिनिटे होतो. (औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण येथे चौघांत तिघे असे पूर्वीचेच धरले आहे.) एकही नवा माणूस न नेमता मिळणारा हा लाभ दुसऱ्या डॉक्टरांच्या नेमणुकीच्या जवळपास जातो.

ज्या केंद्राचे भारप्रमाण सर्वांत जास्त, त्यास कोंडीचे केंद्र म्हणतात. जाळ्याची कमाल क्षमता तेच ठरविते. प्रस्तुत उदाहरणात तासाला १२.८ रुग्णांपलीकडे हा विभाग टिकू शकत नाही. १२ ऐवजी १२.५ रुग्ण येऊ लागले तरी डॉक्टरांकडील सरासरी गर्दी १५ वरून सुमारे ४२ वर जाते. दुसरे डॉक्टर आले की कोंडी प्रयोगशाळेकडे सरकते. कोंडी एका जागेवरून हटविली की ती दुसऱ्या जागी प्रकट होते, म्हणून असे विश्लेषण प्रत्येक बदलानंतर नव्याने करावे लागते.

बंद जाळी

काही जाळ्यांत बाहेरून कोणी येत नाही आणि बाहेर कोणी जात नाही. ग्राहकांची संख्या कायम असते. ठरावीक यंत्रे आणि त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर, किंवा एका संगणकासमोर बसलेले ठरावीक वापरकर्ते, ही त्याची उदाहरणे होत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ॲलन शेर यांनी १९६५ साली तेथील काल-विभागणी पद्धतीच्या संगणकासाठी असेच एक अगदी साधे प्रतिमान वापरले, आणि ते मोजलेल्या प्रतिसादकाळाशी चांगले जुळले. संगणकाच्या कार्यक्षमतेच्या अभ्यासाला या मार्गाकडे वळविणाऱ्या कामांत त्याची गणना होते.

विल्यम गॉर्डन आणि गॉर्डन न्यूवेल यांनी १९६७ साली दाखविले की बंद जाळ्यांनाही गुणाकाररूप उत्तर असते. अडचण वेगळीच निघाली. सर्व संभाव्यतांची बेरीज १ यावी म्हणून एका स्थिरांकाने भागावे लागते आणि तो काढण्यासाठी जाळ्याच्या सर्व शक्य अवस्थांवर बेरीज करावी लागते. केंद्रे १० आणि ग्राहक ५० एवढ्या लहान जाळ्यातही अशा अवस्था १,२५६ कोटींहून अधिक होतात. जेफ्री बुझेन यांनी १९७३ साली तो स्थिरांक एकेक केंद्र जोडत जाऊन थोडक्यात काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे जे सूत्र कागदावर होते ते वापरात आले.

मार्टिन रायझर आणि स्टीफन लॅव्हनबर्ग यांची १९८० सालची सरासरी-मूल्य पद्धत त्याहून सुगम आहे. तिचा आधार असा, की बंद जाळ्यातील एखाद्या केंद्रावर पोहोचणाऱ्या ग्राहकाला तेथे जी सरासरी गर्दी दिसते, ती तो स्वतः जाळ्यात नसता तर असलेल्या गर्दीइतकीच असते. म्हणून एका ग्राहकापासून आरंभ करून एकेक ग्राहक वाढवीत नेता येते. समजा, प्रत्येक कामाला एका फेरीत प्रक्रियकाकडे २ आणि चकतीकडे १ सेकंद लागतो. जाळ्यात एकच काम असेल तर फेरी ३ सेकंदांची, वेग सेकंदाला ०.३३३ फेऱ्या, आणि सरासरी गर्दी अनुक्रमे २/३ व १/३. दुसरे काम आले की प्रक्रियकाकडील काळ २ × (१ + २/३), चकतीकडील १ × (१ + १/३), एकूण ४.६७ सेकंद, आणि वेग ०.४२९. तिसऱ्या कामाला हाच वेग ०.४६७ होतो. प्रक्रियकाच्या २ सेकंदांमुळे ०.५ ही मर्यादा ओलांडणे अशक्य आहे. कामे वाढवीत गेल्यास वेग जेमतेम वाढतो, ताटकळणे मात्र भरपूर वाढते. हा सर्व हिशेब पाटीवरही करता येतो.

विस्तार

फॉरेस्ट बास्केट, मणी चांडी, रिचर्ड मंट्झ आणि फर्नांडो पालासिओस यांनी १९७५ साली गुणाकाररूप उत्तरांची कक्षा बरीच रुंदावली. त्यांच्या आद्याक्षरांवरून हे प्रमेय 'बीसीएमपी' नावाने ओळखले जाते. त्यात ग्राहकांचे अनेक वर्ग चालतात, आणि सेवकाचा वेळ सर्वांत सारखा वाटला जात असेल, प्रत्येकाला स्वतंत्र सेवक मिळत असेल किंवा शेवटी आलेल्याला प्रथम, चालू काम थांबवूनही, सेवा मिळत असेल, तर सेवाकाल घातांकी असण्याची अटही सुटते. आलेल्या क्रमाने सेवा देणाऱ्या केंद्राला मात्र घातांकी काळ आणि सर्व वर्गांना समान दर या अटी लागू राहतात. केंब्रिजचे फ्रँक केली यांनी १९७९ सालच्या ग्रंथात कालाच्या उलटीकरणाच्या दृष्टीने या सर्व निष्कर्षांची एकत्र मांडणी केली. एरोल गेलेनबे यांनी १९९१ साली 'ऋण ग्राहक' ही कल्पना मांडली. असा ग्राहक रांगेत आला की एका खऱ्या ग्राहकाला नाहीसे करतो. दळणवळणाच्या जाळ्यांसाठी लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६०च्या दशकात हेच गणित वापरले. तेथे एकच संदेश अनेक दुव्यांवरून जाताना आपली लांबी बदलत नाही, त्यामुळे सेवाकाल स्वतंत्र राहत नाहीत. ते स्वतंत्र मानावेत असे क्लाइनरॉक यांनी गृहीत धरले, आणि अनेक प्रवाह मिसळणाऱ्या मोठ्या जाळ्यांत हे गृहीतक बऱ्यापैकी चालते.

मर्यादा

गुणाकाररूप उत्तराच्या अटी व्यवहारात काटेकोरपणे क्वचितच पाळल्या जातात. सेवाकाल घातांकी नसेल तर गर्दी सूत्राहून कमी किंवा जास्त होते. काम ठरावीक वेळात आटोपत असेल तर रांग आखूड होते, काळात फार चढउतार असतील तर लांबते. अशा जाळ्यांसाठी प्रत्येक प्रवाहाचा दर आणि त्यातील चढउतार या दोन आकड्यांवरून अदमासे उत्तर काढण्याची रीत बेल प्रयोगशाळेतील वॉर्ड व्हिट यांनी १९८३ साली मांडली. पुढच्या केंद्रात जागा नसल्यामुळे मागचा ग्राहक अडून राहतो, तेव्हाही गुणाकाररूप बहुधा टिकत नाही.

स्थिरस्थितीची अट तर सर्वांत सहज विसरली जाते. बाह्यरुग्ण विभागातील बहुतेक रुग्ण सकाळीच येऊन नंबर लावतात, दिवसभर सारख्या दराने येत नाहीत. आषाढी एकादशीच्या आसपास पंढरपूरच्या दर्शनबारीत येणाऱ्यांचा ओघ दर्शनाच्या वेगाहून कितीतरी जास्त असतो. तेथे सरासरी गर्दीचे सूत्र अर्थहीन ठरते आणि किती माणसे साचली, ती किती तासांत ओसरतील, असा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

प्रत्येक केंद्राचे भारप्रमाण १ पेक्षा कमी असले की जाळे स्थिर राहते, हे जॅक्सन यांच्या जाळ्यांत खरे आहे. ते सर्वत्र खरे असावे असा समज दीर्घकाळ होता. अलेक्झांडर रिब्को आणि अलेक्झांडर स्टोल्यार यांनी १९९२ साली दोनच केंद्रांचे एक उदाहरण देऊन तो खोडून काढला. त्यात दोन प्रवाह दोन्ही केंद्रांतून परस्परविरुद्ध क्रमाने जातात, आणि प्रत्येक केंद्र शेवटच्या टप्प्यावरील ग्राहकांना अग्रक्रम देते. एक केंद्र अशा ग्राहकांत गुंतले की ते नव्या ग्राहकांना पुढे सोडत नाही, म्हणून दुसरे केंद्र उपाशी बसते. मग पाळी उलटते आणि साचलेला लोंढा त्याच्यावर येऊन आदळतो. अंतिम टप्प्याची दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकत नसल्याने ती जणू एकाच अदृश्य सेवकाकडे जातात, आणि त्या सेवकाचे भारप्रमाण १ पेक्षा अधिक असू शकते. अशा वेळी प्रत्येक केंद्राला मोकळा वेळ असूनही रांगा वाढतच जातात. १९९४ साली मॉरी ब्रॅमसन यांनी, ग्राहकांना निव्वळ आलेल्या क्रमाने सेवा देणाऱ्या जाळ्यातही असे घडू शकते हे दाखवून दिले. तेव्हापासून, प्रवाहांना द्रवाप्रमाणे अखंड मानून जाळ्याची स्थिरता तपासण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत.